राजीनामा देताय? जस्ट अ मिनिट!

सकाळी आठला कळंबोली सर्कलला कंपन्यांच्या बसची गर्दी असते. एका बसमध्ये सेफ्टी शूजवाले चढतात, ती तळोजा एमआयडीसीला जाते. दुसरीत लॅपटॉपच्या सॅकवाले, ती ऐरोलीकडे. मी इथेच राहते, त्यामुळे मित्रमंडळी दोन्ही बसमध्ये आहेत. आणि दोन्हीकडे टेन्शन एकच: नव्या कायद्याने आपल्याला कधीही काढता येणार का?

थोडा फ्लॅशबॅक. १९७६ साली औद्योगिक विवाद कायद्यात अट आली, की तीनशे किंवा जास्त कामगार असतील तर कपातीआधी सरकारची परवानगी घ्या. १९८२च्या दुरुस्तीत हा आकडा १०० झाला. २००१च्या बजेटमध्ये यशवंत सिन्हांनी तो १००० करू म्हटलं, पण ते झालं नाही. शेवटी २१ नोव्हेंबर २०२५ला औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि आकडा पुन्हा ३०० वर आला. मालक म्हणतात, काढता येणार नसेल तर घ्यायची भीती वाटते. युनियन म्हणतात, परवानगी गेली की बोलणी करायची ताकदच गेली.

पण मंडळी, या भांडणात एक गोष्ट कुणी सांगत नाही. परवानगीची अट फक्त कारखाने, खाणी आणि मळे यांच्यासाठी आहे. तळोज्याच्या बसला तिचा फरक पडतो. आपल्या एसी ऑफिसला ती कधी लागूच नव्हती!

मग आपल्यासाठी काहीच नाही? आहे ना. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. हे जुन्या कायद्यात होतं, नव्यातही आहे. त्यासाठी ३०० माणसं लागत नाहीत.

‘पण मी कुठे कामगार? मी तर एक्झिक्युटिव्ह!’ बॉस, कोर्ट व्हिजिटिंग कार्ड बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. मॅनेजर या व्याख्येच्या बाहेर. महिना १८,००० रुपयांच्या वर पगार असलेला सुपरवायझरही बाहेर. पण टेक्निकल किंवा क्लेरिकल काम करणाऱ्याला पगाराची मर्यादाच नाही. हाताखाली कुणी नसेल, तर तुम्हालाही हक्क सांगता येतो.

आणि म्हणूनच ऑफिसात कुणाला ‘काढत’ नाहीत. ऐरोलीच्या बसमधल्या माझ्या एका मित्राला मीटिंग रूममध्ये बोलावून सांगितलं, ‘तूच राजीनामा मेल कर, रेकॉर्ड क्लीन राहील.’ त्याने दहा मिनिटांत केला. सहा वर्षांची नोकरी होती, म्हणजे जवळपास तीन महिन्यांचा पगार. कागदावर मात्र तो स्वखुशीने गेला. कपात नाही, तर भरपाई कसली? दबाव होता हे आता त्यानेच सिद्ध करायचं.

शंभर की तीनशे यावर खुशाल वाद घाला. पण मला विचाराल तर खरी सुधारणा इथे हवी: दबावाने घेतलेला राजीनामा ही कपातच धरा. तोवर एवढंच करा. कुणी राजीनामा मागितला, तर ‘मला कमी करताय, तसं लेखी द्या’ म्हणा आणि घरी जा. सेंड बटण कुठे पळून जात नाही.