पुनरुत्थान कोणाचे? केवळ आत्म्याचे?

अंत्यविधीच्या प्रसंगी आपल्या समाजात एक वाक्य हमखास कानी पडते : ‘देह काय, मातीचाच, आत्मा मात्र अमर आहे.’ त्यामागील सांत्वनाचा हेतू आम्ही जाणतो. आत्मा मृत्यूने नष्ट होत नाही, हे ख्रिस्तसभेचेही शिक्षण आहे. परंतु तेवढ्यावरच थांबणे म्हणजे पुनरुत्थानाची श्रद्धा अर्ध्या वाटेवर सोडून देणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आत्म्याच्या अमरत्वासाठी ख्रिस्ताची कबर रिकामी होण्याची गरजच नव्हती. प्लेटोने ते ख्रिस्तापूर्वी चार शतके प्रतिपादिले होते. अथेन्सच्या अरियपगावर संत पौलाने देव आणि सृष्टी यांविषयी केलेले विवेचन श्रोत्यांनी ऐकून घेतले. मृतांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख होताच मात्र काहींनी त्याची थट्टा केली. तरीही पौलाने तडजोड केली नाही. इ. स. ५५ च्या सुमारास करिंथकरांना लिहिताना, ख्रिस्त उठला नसेल तर आपला उपदेश व त्यांची श्रद्धा या दोहोंतही अर्थ उरत नाही, असे तो निक्षून सांगतो.

दुसरी पळवाट सुशिक्षितांची. त्यांच्या मते पुनरुत्थान म्हणजे शिष्यांच्या मनात जागलेली नवी उमेद! पण कबरीवरून स्त्रियांनी आणलेली वार्ता शिष्यांनाच प्रथम बाष्कळ वाटली, असे संत लूक नमूद करतो. ज्यांनी स्वतःहून आशेची कथा रचली, ते आपल्याच अविश्वासाची नोंद कशाला ठेवतील? उठलेला प्रभू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो, थोमाला जखमा दाखवितो. तो लाजरसारखा पुन्हा मरण्यासाठी परतलेला नाही. त्याचा देह आता मरणाच्या सत्तेपलीकडचा आहे. पण देह तोच आहे, आणि त्यावरील खिळ्यांचे व्रण पुसले गेलेले नाहीत.

हा शब्दच्छल नव्हे. देह हे फेकून द्यावयाचे वस्त्र असेल, तर भुकेल्याच्या पोटाची चिंता कोणी का करावी? अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा, वेठबिगाराच्या पाठीवरील वळ, अत्याचारित स्त्रीचा आक्रोश, या साऱ्यांचे मोल मग काय? देवाने ज्या देहाला उठविण्याचे वचन दिले आहे, त्याची विटंबना हा देवाचाच अपमान ठरतो. १९६३ साली ख्रिस्तसभेने दहनास अनुमती दिली; तरी रक्षा विखुरू नये, पवित्र स्थळी जतन करावी, असे २०१६ च्या सूचनापत्रात बजावले. कित्येकांना हा हट्ट वाटतो. आमच्या मते ती देहाविषयीच्या आदराची खूण आहे.

दर रविवारी आपण मृतांच्या पुनरुत्थानावरील श्रद्धा उभे राहून प्रकट करतो. तीच श्रद्धा कबरीच्या काठावर का बरे दबक्या आवाजात बोलावी? शोकाकुल कुटुंबाला अर्धे सांत्वन देऊ नका. तुमचा माणूस, तुम्ही ज्याचा हात धरला होता तो संपूर्ण माणूस, देवाने टाकून दिलेला नाही, हे त्यांना ठामपणे सांगा. आणि जे हात अजून उबदार आहेत, ते आजच हाती घ्या.