बुडत्याची हाक आणि युद्धाचा कायदा

बुडत्याने हाक मारावी आणि ऐकणाऱ्याने धावून जावे, हा दर्यावर्दी लोकांचा फार जुना धर्म होय. १९०६ साली बर्लिनच्या परिषदेने 'एस्‌ ओ एस्‌' ही बिनतारी खूण ठरवून त्यास कायद्याचे रूप दिले. दुसऱ्या महायुद्धात त्या हाकेची काय दशा झाली हे पाहिले म्हणजे कायदेपंडितासही मान खाली घालावी लागते.

पाणबुडी दिसताच 'एस्‌' हे अक्षर चारदा ठोकून आपले ठिकाण कळवावे, असा ब्रिटिश व्यापारी जहाजांस हुकूम होता. ही हाक मदतीसाठी की आरमारास शत्रूचा ठाव देण्यासाठी? दोन्हींसाठी, हे उघड आहे. माणसे सुरक्षित केल्यावाचून व्यापारी जहाज बुडवू नये, हा १९३६ चा करार. पण वर्दी देणारे जहाज निरुपद्रवी कसे, असा जर्मनांचा सवाल. १९४६ साली न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांनीही, ती जहाजे सशस्त्र होती व आरमारास वर्दी देत होती हे जमेस धरून, त्यांच्याविरुद्धच्या पाणबुडी-युद्धाबद्दल ॲडमिरल डोनिट्झ यास दोषी धरले नाही. निकाल कायद्यास धरून असेल. आमच्या मनास तो पटत नाही. भट्टीत कोळसा ओढणाऱ्या खलाशाने काही ती वर्दी पाठविली नव्हती. आणि असे हजारो खलाशी हिंदी होते. त्यांच्या देशास तर १९३९ साली युद्धात पडण्याविषयी कोणी विचारलेही नव्हते!

उलट बाजूही पाहावी. १२ सप्टेंबर १९४२ रोजी हार्टेनस्टाइनच्या पाणबुडीने आफ्रिकेच्या पश्चिमेस 'लॅकोनिया' बुडविली. तीवर सुमारे १,८०० इटालियन कैदी होते. हे कळताच त्याने बुडणाऱ्यांस वर घेतले, त्यांत इंग्रजही होते. आणि उघड इंग्रजीत पुकारले की, मजवर हल्ला न झाल्यास मदतीस येणाऱ्या जहाजास मी हात लावणार नाही. इंग्रजांस यात कपटाचा वास आला. १६ तारखेस, रेडक्रॉसचे निशाण पसरलेले असतानाही, अमेरिकन विमानाने तीवर बॉम्ब टाकले. दुसऱ्याच दिवशी डोनिट्झचा हुकूम सुटला की, यापुढे बुडालेल्या जहाजांवरील लोकांस वाचवू नये.

१९४९ च्या जिनिव्हा कराराचे अठरावे कलम म्हणते की, प्रत्येक चकमकीनंतर विलंब न लावता बुडालेल्यांच्या शोधार्थ शक्य ते सर्व उपाय योजावेत. शक्य काय, हे ठरविणार कोण? ज्याने जहाज बुडविले तोच अंमलदार. आणि हार्टेनस्टाइनने मागितली होती तेवढी, मदत पोहोचेपर्यंतची तहकुबी, त्या कलमातही नाही.