छळाविना ओसरलेली वस्ती

येत्या 1 मार्च 2027 या संदर्भदिनाची जनगणना जाहीर झाली आहे. आजवरच्या प्रथेप्रमाणे सहा प्रमुख धर्मांचे आकडे ठळकपणे मांडले जातात आणि ज्यू ‘इतर’ या सदरात जातात. 1951 मध्ये भारतात सुमारे 26 हजार ज्यू होते. 2011 मध्ये साडेचार हजारांच्या आसपास उरले. देशाची लोकसंख्या तिपटीहून अधिक वाढली, त्याच काळात हा समाज एक षष्ठांशावर आला.

विसाव्या शतकात ज्यूंच्या वस्त्या जगभर ओस पडल्या, त्या बहुधा हिंसेमुळे वा भीतीमुळे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे 33 लाख ज्यू होते. त्यांतील बहुसंख्यांची हत्या झाली. इराकमधून 1950-51 मध्ये लाखाहून अधिक ज्यू वैरभावाच्या वातावरणात देश सोडून गेले. भारतातील घट मात्र छळाची नव्हे.

भारतीय ज्यूंमधील सर्वांत मोठा गट बेने इस्रायलींचा, आणि त्यांची भाषा मराठी. रायगडच्या किनारपट्टीवर तेलाचे घाणे चालविणारे आणि शब्बाथला ते बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’. पेणकर, नागावकर, रोहेकर ही त्यांची आडनावे गावांशी असलेले नाते सांगतात. पुढे नोकऱ्यांसाठी ते मुंबईकडे वळले. ‘आलम आरा’चे लेखन करणारे जोसेफ डेव्हिड पेणकर आणि अभिनेते डेव्हिड अब्राहम चेऊलकर याच समाजातले. 1948 मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर धर्मभूमीची ओढ, ब्रिटिश राजवटीबरोबर बदललेले नोकऱ्यांचे गणित आणि आधी गेलेल्या नातलगांची हाक यांमुळे घरेच्या घरे निघाली. तेथेही सारे सुरळीत नव्हते. 1960च्या दशकात त्यांच्या ज्यू असण्यावरच धर्मपीठाने शंका घेतली. मोठ्या आंदोलनानंतर 1964 मध्ये तेथील संसदेने त्यांची समानता मान्य केली. याच समाजाने इस्रायलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले.

गोव्याचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. येथे 1560 मध्ये इन्क्विझिशन आले. ज्यू वंशाचे वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरील ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. 1568 मध्ये ते वारले आणि 1580 मध्ये त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. आज पणजीतील उद्यानाला त्यांचे नाव आहे, पण समाज नाही. श्री सप्तकोटेश्वराला दिवाडीहून नदीपार नार्वे येथे आश्रय घ्यावा लागला, ही आठवण कारापूर-डिचोलीच्या वाचकाला वेगळी सांगावी लागत नाही. एकाच कोकणपट्टीत एका राजवटीने मृतालाही सोडले नाही, आणि थोड्या उत्तरेला तोच धर्म पाळणारे तेली शेजाऱ्यांत निर्धास्त नांदले.

तरीही सौहार्दाने वस्ती टिकतेच असे नाही. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. अलिबागसारख्या ठिकाणी सिनेगॉग उभे आहे; मात्र गावोगावच्या मंदिरांपुढे दहा माणसे जमतील का, हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्राने 2016 मध्ये आणि गुजरातने 2018 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या यादीत ते अद्याप नाहीत. दर्जामुळे समाजाची स्वतंत्र नोंद होते, शिक्षणसंस्थांना आधार मिळतो. गेलेली माणसे त्याने परत येत नाहीत.

म्हणून उरलेली जबाबदारी शेजाऱ्यांची आहे. कोकणातील हिब्रू-मराठी कबरींची निगा, जुन्या मराठी धर्मपुस्तकांचे जतन आणि बायबलमधील कथा मराठीत सांगणाऱ्या त्यांच्या कीर्तनांचे ध्वनिमुद्रण ही कामे जनगणना करू शकत नाही. कीर्तन हा डिचोलीच्या देवळांतलाही वारसा आहे. तो एका ज्यू समाजानेही आपलासा केला होता, हे पुढच्या पिढीला ठाऊक नसेल, तर ती हानी केवळ साडेचार हजार लोकांची राहणार नाही. ती मराठीचीही असेल.