कागद खरा, पण कारखाना?

मे 2025 मध्ये केंद्र सरकारने बांगलादेशी तयार कपड्यांची जमिनीवरच्या नाक्यांवरून होणारी आयात बंद केली. तेव्हापासून हा माल न्हावा शेवा आणि कोलकाता या दोनच बंदरांतून आत येऊ शकतो. म्हणजे ढाक्याचा शर्ट आणि लहान मुलांचा ड्रेस आता आपल्या दारातल्या बंदरात उतरणार. मुंबई, भिवंडीच्या ज्या व्यापाऱ्यांनी आजवर बाहेरचा माल दलालाकडून घेतला, त्यांच्यातले काही जण आता थेट कारखान्याशी बोलू पाहतात. बोलणं सुरू झालं की पहिल्याच मेलमध्ये समोरची पार्टी सर्टिफिकेटांची फाईल पाठवते. रंगीत शिक्का, क्यूआर कोड, सही, सगळं झकास. ती फाईल बघून आपला माणूस खूश होतो आणि अॅडव्हान्स पाठवतो.

आम्हाला इथंच थांबून बोलायचं आहे. कपड्याच्या धंद्यात आपली कितीतरी कुटुंबं आहेत, आणि ईदच्या आधी हा माल विकत घेणारीही आपलीच कुटुंबं आहेत.

आधी कराचीची गोष्ट. 11 सप्टेंबर 2012 रोजी बलदिया टाऊनमधल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. अडीचशेहून अधिक कामगार मेले. खिडक्यांना लोखंडी गज होते, बाहेर पडायचे रस्ते बंद होते. माल मुख्यत्वे किक या जर्मन कंपनीसाठी बनत होता. या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए 8000 हे कामगारांच्या सुरक्षिततेसाठी नावाजलेलं प्रमाणपत्र मिळालेलं होतं. ते इटलीच्या रिना या संस्थेनं दिलं होतं आणि प्रत्यक्ष पाहणीचं काम पाकिस्तानातल्या एका स्थानिक कंपनीकडे होतं. पुढे 2020 मध्ये कराचीच्या न्यायालयानं ही आग खंडणीसाठी लावली गेली असं ठरवून दोघांना फाशीची शिक्षा सुनावली. मान्य. पण आग कुणीही लावो, माणसांना बाहेर का पडता आलं नाही, या प्रश्नाचं उत्तर त्या निकालानं मिळत नाही.

ते सर्टिफिकेट बनावट नव्हतं. नंबर तपासला असता तर खराच निघाला असता.

म्हणून आम्ही म्हणतो की प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळे विचारायला हवेत. हा कागद खरा आहे का? आणि कागदावर लिहिलंय ते खरं आहे का? आपले बरेच लोक पहिलाही विचारत नाहीत. मोठ्या कंपन्या पहिला विचारतात आणि दुसऱ्यावर पडदा टाकतात.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. बनावट कागद किती बेमालूम असू शकतो, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. 2020 मध्ये सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक सांभाळणाऱ्या ‘गॉट्स’ या संस्थेनं भारतातला घोटाळा उघड केला. सुमारे 20,000 टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला होता. त्या कागदांवर क्यूआर कोडही होता. तो मोबाईलनं स्कॅन केला की सरकारी साइटसारखीच दिसणारी एक नकली साइट उघडायची आणि ‘प्रमाणपत्र वैध’ असं दाखवायची! 11 कंपन्यांवर बंदी आली. तेव्हा कागदावरचा कोड स्कॅन करून समाधान मानू नका. ज्यानं कागद बनवला त्यानंच कोड छापलाय. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची साइट स्वतः शोधा, पत्ता स्वतः टाईप करा आणि नंबर तिथं घाला. ओको-टेक्सच्या साइटवर ‘लेबल चेक’ कुणालाही फुकट करता येतो. ‘रॅप’ आणि गॉट्सच्या साइटवरही प्रमाणित कारखान्यांची यादी सगळ्यांसाठी खुली आहे. साइटवर काहीच मिळालं नाही तर त्या संस्थेला मेल करा, पण तिच्या साइटवर दिलेल्या पत्त्यावर. पार्टीनं दिलेल्या मेलवर नव्हे.

नंबर जुळला तरी काम संपत नाही. नाव आणि पत्ता बघा. पुष्कळदा सर्टिफिकेट एका कारखान्याचं असतं, बिल दुसऱ्याच ट्रेडिंग कंपनीचं येतं आणि माल तिसऱ्याच शेडमध्ये शिवला जातो. तारीख बघा. ओको-टेक्सचं प्रमाणपत्र वर्षभरच चालतं. रॅपचं दर्जानुसार सहा महिने, एक वर्ष किंवा दोन वर्षं. मग कोणत्या मालासाठी दिलंय ते वाचा. पांढऱ्या सुती धाग्यासाठी घेतलेलं ओको-टेक्स काळ्या पॉलिस्टरच्या अबायाला लागू होत नाही. शिवाय ओको-टेक्स स्टँडर्ड 100 कापडातली घातक रसायनं तपासतं. शिवणाऱ्या बाईला पगार वेळेवर मिळतो का, जिन्याचं दार उघडं असतं का, याच्याशी त्याचा संबंध नाही. आयएसओ 9001 दाखवून कुणी ‘आमचा कारखाना सेफ आहे’ म्हणत असेल तर त्याला नम्रपणे सांगा की तो कागद या कामाचा नाही.

आणि कुणी ‘बीएससीआय सर्टिफिकेट’ किंवा ‘सेडेक्स सर्टिफिकेट’ दाखवलं तर कान टवकारा. असं सर्टिफिकेट नसतंच. तिथं पाहणीचा अहवाल असतो, त्यात कारखान्यात काय काय चुकीचं सापडलं हे लिहिलेलं असतं. पहिलं पान नको, अख्खा अहवाल द्या म्हणा. द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा.

सेंद्रिय माल घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. कारखान्याचं गॉट्स प्रमाणपत्र वेगळं आणि तुमच्या मालासाठी निघणारं व्यवहार प्रमाणपत्र वेगळं. दुसरं नसेल तर तुमच्या कंटेनरमधला माल सेंद्रिय आहे याला काहीच आधार नाही.

मुलांच्या कपड्यांबाबत आपला कायदाही कडक आहे. काही अझो रंगांवर भारतात 1997 पासून बंदी आहे. बाहेरून येणाऱ्या कापडासोबत त्या देशातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला लागतो, नसेल तर इथं नमुना तपासून मगच माल सुटतो. अशी तपासणी करणाऱ्यांमध्ये टेक्स्टाइल्स कमिटी आहे, तिचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीलाच आहे. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर खाली बारीक अक्षरात बहुधा एक ओळ असते: निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता. नमुना कुणी निवडला? पार्टीनंच. तेव्हा आलेल्या लॉटमधला एक नग स्वतः उचलून तपासायला द्या. खर्च होईल, पण तो नग उद्या कुणाच्या तरी तान्ह्या बाळाच्या अंगावर असणार आहे.

आता दुसरा प्रश्न. पैगंबर मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका ढिगापाशी थांबले, ढिगात हात घातला आणि आतलं धान्य ओलं लागलं, हा प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. त्यांनी विक्रेत्याला विचारलं की ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. ढीग वरून कोरडाच होता. आम्हाला तर ऑडिटचं याहून नेमकं वर्णन सुचत नाही. हात आत घातल्याशिवाय कळत नाही.

कारखान्यांच्या ऑडिटमध्ये बहुतेक वेळा हात आत जातच नाही. तारीख आधी कळवलेली असते. त्या दिवशी जिना मोकळा, हजेरीचं रजिस्टर वेगळं, कामगारांना उत्तरं पाठ. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1,134 जण मेले. तिथल्या काही कारखान्यांची बीएससीआयच्या पद्धतीनं पाहणी झालेली होती. इमारत उभी राहील का, हा प्रश्न त्या पाहणीत नव्हताच. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले, खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, शिवणकाम करणाऱ्यांना मात्र पुन्हा आत बोलावलं गेलं. कराची आणि सावरच्या मृतांच्या याद्या वाचताना आम्हाला आपल्याच मोहल्ल्याची मतदारयादी वाचतोय असं वाटलं होतं.

राणा प्लाझानंतर बांगलादेशात एक चांगली गोष्ट घडली. ब्रँड आणि कामगार संघटनांनी बंधनकारक करार केला, अभियंत्यांनी इमारती, वायरिंग, जिने तपासले आणि निष्कर्ष लोकांसमोर ठेवले. 2020 पासून हे काम आरएससी ही संस्था बघते. तिच्या साइटवर दीड हजारांहून अधिक कारखान्यांची नावं आहेत. कोणती दुरुस्ती सुचवली, किती झाली, किती राहिली, हे तिथं वाचता येतं. तुमच्या पार्टीचं नाव टाकून बघा, पैसे लागत नाहीत. यादीत नाव नसलेला प्रत्येक कारखाना वाईट असतो असं नाही, लहान कारखाने त्यात नसतातही. मग आपल्यालाच माणूस पाठवावा लागेल. चार-पाच दुकानदारांनी मिळून एकाला तीन दिवसांसाठी पाठवलं तर फार जड जात नाही, पाठवायचंच तर न कळवता.

एक कडू गोष्टही बोलून टाकतो. भाव इतका पाडायचा की समोरच्याला आगप्रतिबंधक दार बसवणं परवडू नये, आणि वर त्याच्याकडूनच सुरक्षिततेचा कागद मागायचा, हे आपणही करतो. दोन रुपयांसाठी ऑर्डर फिरवणारा व्यापारी आणि पन्नास रुपये कमी करून मागणारं गिऱ्हाईक, दोघांनाही त्या बंद दारापासून वेगळं करता येत नाही.

पुढच्या ऑर्डरच्या कागदात निदान दोन वाक्यं घाला. माल कोणत्या पत्त्यावर शिवला जाणार ते लिहून द्यावं, आणि आमच्या लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्या कारखान्याला दिलं तर उरलेलं पेमेंट थांबेल. पार्टी यावर सही करते की दुसरं गिऱ्हाईक शोधते, हे दोन दिवसांत कळेल.