मंडईतली भीती आणि गोठ्यातली लपवाछपवी



२०२२च्या सप्टेंबरात लम्पी जोरात होता. तेव्हा मंडईत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या गाळ्यावर उतरवताना गिऱ्हाइकं रोज एकच विचारायची, "तुमच्याकडे गाई आहेत ना? मग दूध घ्यावं का नको?" मी सांगायचो, लम्पी माणसाला होत नाही, दूध नेहमीसारखं उकळून प्या. काहींना पटायचं, काही "बघू" म्हणून पुढे जायची.

विचारणाऱ्याचा राग नाही. पण या भीतीचं पुढं काय होतं ते शहरात दिसत नाही. अंगावर गाठी आलेली गाय शेतकरी का लपवतो? बातमी फुटली की गावाच्या दुधाकडं लोक संशयानं बघतात, शेजारी बोलायला लागतात आणि विकायला काढलेलं जनावर दावणीलाच राहतं. मग माणूस म्हणतो, दोन दिवस थांबू, माशी चावली असेल. साथ याच दोन दिवसांत पसरते. लम्पी चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत जातो, आणि त्यांना बांध कळत नाही. शेजारच्या गोठ्यात लस टोचली तरी ताकद यायला तीनेक आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी कळवणं हे औषधाइतकंच मोलाचं आहे.

त्या वर्षी ऑगस्टात जळगाव जिल्ह्यात रोग दिसला आणि सप्टेंबरात सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. जनावरांचे बाजार बंद. चाकण, बेल्ह्यासारखे बाजार ओस पडले. ते गरजेचंच होतं, त्यावर माझं दुमत नाही. सरकारनं लसही फुकट टोचली. ती शेळ्यांच्या देवीची लस होती, कारण लम्पीची स्वतःची लस तेव्हा हातात नव्हती. देशी लशीचं तंत्रज्ञान औंधच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेला मिळायला डिसेंबर उजाडला.

माझं भांडण पैशाच्या हिशोबाशी आहे. लम्पीनं गाय मेली तर ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार मिळायचे. चांगल्या संकरित गाईची किंमत यापेक्षा कितीतरी जास्त, पण ते एक वेळ सोडा. मदत जनावर मेल्यावर. जो पहिल्या दिवशी फोन करतो, गाय वेगळी बांधतो आणि वाचवतो, त्याच्या बुडालेल्या दुधाचं काय? कोंबड्यांच्या बर्ड फ्लूत हिशोब वेगळा आहे. तिथं सरकारनं नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, रोगानं आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे जितकं लवकर कळवाल तितकं पदरात जास्त. हे शहाणपणाचं आहे. गाईच्या बाबतीतही लवकर कळवणाऱ्याला वेगळं बांधल्याच्या दिवसांचा चारा आणि दुधाचे पैसे द्या, मग बघा फोन येतात का नाही. २००९च्या कायद्यानं कळवणं बंधनकारक केलंय खरं, पण नुसत्या कायद्याच्या धाकानं कोण पुढं येतो?

आणि शहरवाल्यांनो, तुमचाही यात वाटा आहे. २०२१च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या आणि इकडं पुण्यात चिकन-अंडी घेणारे हात आखडले. नीट शिजवलेल्या चिकनमध्ये तो विषाणू टिकत नाही, हे तेव्हाही माहीत होतं. प्रश्न जरूर विचारा, पण उत्तर पशुवैद्यकाकडून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून नको.

आता आपल्या घरचं. नवीन जनावर आणलं की २८ दिवस वेगळं बांधा, लोक हसले तरी. १९६२ हा पशुसंवर्धनचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, मोबाईल ऐन वेळी चार्ज नसतो. ताप, गाठी, चारा सोडणं, दूध आटणं, यातलं काहीही दिसलं की डॉक्टरांना फोन. आजारी जनावराला लस टोचून घेऊ नका.

सगळ्यात अवघड विषय मेलेल्या जनावराच्या जागेचा. आमच्या गावात २०२२ला यावरून सख्ख्या चुलतभावांत बोलणं बंद झालं. एकाच्या बांधाला खड्डा घेतला, दुसऱ्याची विहीर तिथून जवळ. गाय दारात पडलेली, पाऊस चालू, आणि माणसं हद्द मोजत होती. विहीर-ओढ्यापासून लांब, जेसीबी पोचेल अशी गायरानातली जागा आधीच ठरवून ठेवायला काय हरकत आहे? पुढच्या ग्रामसभेत आम्ही हा विषय ठेवतोय. तुमच्या गावात अशी जागा ठरली असेल तर कशी ठरवली तेवढं कळवा.