पाना कोणाच्या हातात?

स्वयंपाकघरातला मिक्सर बाईचा आणि न्हाणीघरातला मिक्सर पुरुषाचा, ही वाटणी कोणी केली? पहिला अडला की ती स्वतः भांडे उघडून पाते साफ करते. दुसरा गळू लागला की खाली बादली लावते आणि वाट बघत बसते. नवरा शनिवारी पुण्याहून येईपर्यंत, नाहीतर भोरचा प्लंबर फिरकेपर्यंत.

आंबवड्यात माझ्या घरी भिंतीवरचा गरम-गार पाण्याचा मिक्सर गळत होता. प्लंबरला फोन केला तर पहिला प्रश्न, "घरात पुरुषमाणूस आहे ना? त्यांना द्या." घर माझे, पैसे माझे, बोलणे मात्र पुरुषाशी! शेवटी शेजारच्या काकू आणि मी, दोघींनी तो बदलला. काम ते केवढे? गिझरचे बटण आणि टाकीचा कॉक बंद करायचा. नळ उघडून पाइपातले पाणी जाऊ द्यायचे. पान्याने दोन नट सोडवून जुना मिक्सर उतरवायचा. भिंतीतल्या आट्या पुसायच्या, नव्या जोडांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळायची. दोन्ही जोड एका पातळीत, मध्यापासून मध्यापर्यंत साधारण १५० मिलिमीटरवर बसवायचे. वायसर घालून नट बेताने आवळायचे. शिलाई मशीन उघडून तेलपाणी करणाऱ्या बाईला यात अवघड काय आहे?

"बायकांना जमत नाही" हे तर साफ खोटे. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० नंतरच्या वर्षांत महिला समाख्या कार्यक्रमातल्या गरीब, बहुतेक निरक्षर बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. जमिनीतले जड लोखंडी पाइप त्यांनी उपसून काढले.

पाण्यासाठी मोर्चा काढायला बाई चालते. मृणाल गोरे यांना 'पाणीवाली बाई' म्हणून महाराष्ट्र ओळखतो. २०१९ साली आलेल्या जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गावच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात, पाच जणींना पाणी तपासायला शिकवायचे. चांगलेच आहे. पण पाइप जोडायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा प्रश्न आला की समितीतल्या बाईला बाजूला का सरकवले जाते?

"आधीच कामांनी पिचलेल्या बाईवर आणखी एक काम?" असे आपल्यातल्याच काहीजणी विचारतात. शंका रास्त आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषाची ९७. म्हणूनच मी हे आणखी एक फुकटचे घरकाम म्हणून मागत नाही. नळदुरुस्ती हा रोख पैशाचा धंदा आहे. आणि खरी मेख इथेच आहे. जे काम बिनपैशाचे ते बाईच्या अंगचे गुण ठरते, ज्याचे पैसे मिळतात ते पुरुषाचे कसब!

मैत्रिणींनो, आपण तरी वेगळे काय करतो? आपल्या बचत गटांच्या प्रशिक्षणात वर्षानुवर्षे पापड, लोणची आणि शिलाई. प्रत्येक गटाने पान्यांचा एक संच विकत घ्यावा. ग्रामसभेत मागणी लावून धरावी: नळदुरुस्तीचे प्रशिक्षण बायकांना द्या, आणि गावचे दुरुस्तीचे काम त्यांना पुरुषांइतक्याच मोबदल्यावर द्या. हंडा आपण पिढ्यान्‌पिढ्या वाहिला. आता पाना घेऊ, आणि त्याचा दामही घेऊ.