ड्रॉइंग कुणासाठी?

म्हसळ्याहून मुंबईला जाताना वाटेत नागोठणे लागतं. तिथल्या गॅस क्रॅकर कारखान्यात ५ नोव्हेंबर १९९० ला वायुगळतीनंतर स्फोट झाला. तीसहून जास्त माणसं गेली. गळती झाली की पहिला प्रश्न एकच : कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा? उत्तर ड्रॉइंगमध्ये असतं. १९८९ च्या नियमांनुसार घातक रसायनाचं सेफ्टी डेटा शीट ठेवावंच लागतं. पण पाइप बदलला आणि ड्रॉइंग जुनंच राहिलं, तर माणूस चुकीच्या व्हॉल्व्हकडे धावणार!

आपण मात्र सबमिशनच्या आदल्या रात्री बिनधास्त जीटी मारतो. मित्रांनो, ही सवय प्लँटवर नेली तर कुणाचा तरी जीव जाईल. बदल केला, की त्याच दिवशी ड्रॉइंगवर चढवायचा. सुरुवात मेसपासून करू. गॅसचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे, सांगता येईल?